कराओके डिस्कचं लेबल: चिकटवण्याआधी वाचा

घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर कागदी स्टिकर लावायची हौस असेल, तर आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढा. ती कोऱ्या स्टिकरशीटवर ठेवून उजेडासमोर धरा. गोल जुळले तरच खरी शीट प्रिंटरमध्ये घाला. डिस्कचा व्यास १२० मिमी आणि मधलं भोक १५ मिमी, म्हणून मजकूर दोन्ही कडांपासून थोडा आत ठेवा. प्रिंट काढताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय बंद करा, नाहीतर सगळं आकुंचन पावतं.

स्टिकर तिरका बसला तर ओढून काढू नका. सीडीत माहितीचा थर वरच्या, लेबलच्याच बाजूला पातळ लॅकरच्या लेपाखाली असतो. तो स्टिकरबरोबर सोलून येतो आणि गाणी गेलीच! बॉलपेननं लिहिणंही याच कारणानं टाळा. डीव्हीडी वेगात फिरते, तिला स्टिकर नकोच. माझं मत विचाराल तर इंकजेटसाठीची पांढऱ्या पृष्ठभागाची डिस्क घ्या किंवा सरळ सीडी मार्कर वापरा.

आणि लेबलवर नुसतं गाण्याचं नाव नको. ट्रॅक क्रमांक मोठा, शेजारी गायची पट्टी, म्हणजे पेटीवरचा मूळ सूर: ‘७ – काळी दोन’. माईक हातात आल्यावर तेवढंच शोधलं जातं.