गरवायला निघण्याआधी ब्रेडेड लाइनच्या गाठी

उद्या पहाटे खाडीच्या मुखाशी गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जायचं असेल, तर आज रात्री रीळ काढून उजेडात ठेवा. लुअरची (नकली आमिषांची) पेटी, पाण्याची बाटली, टोपी हे सकाळीही पिशवीत पडेल. गाठी मात्र आदल्या रात्रीच, टेबलाशी बसून, कोरड्या हातांनी आणि पुरेशा प्रकाशात बांधायच्या. खडकावर उभं राहून, वाऱ्यात, कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात चांगली गाठ बसत नाही असं नाही, पण तिथे घाई असते, आणि ब्रेडेड लाइन, म्हणजे मासेमारीची विणलेली दोरी, घाईतली गाठ धरत नाही.

त्याचं कारण त्या लाइनच्या घडणीतच आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा हात तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्यावर, तयार झालेला. तंगूस ताणला की लांबतो, गाठीत दबतो आणि स्वतःलाच आवळून धरतो. ब्रेडेड लाइन पॉलिथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंची विणलेली असते. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच तंतूची बाजारातली नावं. वजनाच्या मानाने त्याची ताकद अफाट, पण अंग कमालीचं गुळगुळीत. शिवाय ही लाइन जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे माशाचा हिसका काठीला आणि थेट गाठीला बसतो. तंगुसावर वर्षानुवर्षं साथ दिलेली क्लिंच गाठ इथे सरकते ती यामुळेच. जुनी गाठ तशीच इकडे आणू नका.

आधी रीळ तपासा. गुंडाळीच्या तळाशी तंगुसाचे थोडे वेढे किंवा निदान चिकटपट्टीचा एक वळसा हवा. गुळगुळीत धातूवर थेट भरलेली ब्रेडेड लाइन जोर आला की अख्खी फिरते आणि आपल्याला वाटतं ड्रॅग (ओढ वाढली की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) बिघडला. मग पुढची काही मीटर लाइन बोटांच्या चिमटीतून ओढून पाहा. जिथे लव उठलेली, चपटी किंवा खरखरीत लागेल, तिथपर्यंत बिनदिक्कत कापून टाका. कापायला धारदार छोटी कात्री घ्या. नेलकटरने टोक चेचतं, तंतू विस्कटतात आणि ते टोक गरीच्या डोळ्यात जाता जात नाही. सोबत वाटीभर पाणी, जाड कापड किंवा हातमोजा आणि जमल्यास स्प्रिंगकाटा ठेवा.

आता लीडर, म्हणजे लाइन आणि गरी यांच्यामधला जाड धाग्याचा तुकडा. तो हवाच, यात तडजोड नको. आपल्या किनाऱ्यावरचे खडक कालवांच्या शिंपल्यांनी भरलेले. ताणलेली ब्रेडेड लाइन त्यांच्या धारेला नुसती टेकली तरी तुटते. जिताड्याच्या गालफडाची कडही तशीच धारदार. 30 पौंडांच्या लाइनला 40 ते 50 पौंडांचा लीडर, साधारण दीड मीटर, एवढं धरून चाला. फ्लुरोकार्बनचा लीडर पाण्यात बुडतो आणि कमी दिसतो. पण तांबोशीसाठी खडकाच्या कपारीत आमिष सोडायचं असेल, तर चांगला जाड तंगूसही पुरतो, आणि पुष्कळ स्वस्त पडतो. सुरमईच्या दातांसमोर मात्र दोन्हींचा टिकाव अवघड, तिथे तारेचा छोटा तुकडा लावा.

लाइन आणि लीडर जोडायला घरी बांधण्यासारखी एकच गाठ मी सांगेन, एफजी नावाची. तिच्यात लीडरला गाठच पडत नाही. ब्रेडेड लाइन त्याच्याभोवती वेणीसारखी गुंफली जाते आणि ओढू तितकी लीडरच्या अंगात रुतत जाते. म्हणून सांधा बारीक राहतो आणि काठीच्या कड्यांतून न अडखळता जातो. बांधताना ब्रेडेड लाइन शेवटपर्यंत ताठ हवी. काठी मांड्यांत धरा, लाइनचं मोकळं टोक दातांत किंवा खुर्चीच्या पायाला अडकवा आणि लीडर तिच्यावरून एकदा वरून, एकदा खालून असा आलटूनपालटून न्या. असे 18-20 वेढे शेजारीशेजारी बसले पाहिजेत. एकावर एक चढले तर उसवून पुन्हा सुरुवात करा. मग लाइनच्या टोकाने दोन्ही पदरांवर एक अर्धी गाठ मारून वेढे पकडा, पाणी लावा आणि हातमोजा घालून जोरात ओढा. वेढे आवळले की लाइनचा रंग गडद होतो. तो झाला नसेल तर सांधा अजून बसलेला नाही. त्यानंतरच लीडरचं जास्तीचं टोक अगदी लगत कापायचं आणि पुढे नुसत्या लाइनवर पाच-सहा अर्ध्या गाठी, एक या बाजूने, एक त्या बाजूने. लीडर आधी कापून मग आवळायला गेलात, तर सगळं निसटतं.

एफजी खडकावर गरवताना तुटली तर डबल युनी ही दुसरी जोडगाठ बांधा. ब्रेडेड लाइनचे आठ वेढे, लीडरचे चार-पाच. सांधा जाड होतो, फेक थोडी कमी पडते, पण गाठ लवकर होते आणि भरवशाची असते. डोळे मिटून बांधता येईपर्यंत हिचा सराव करा.

गरीच्या किंवा स्विव्हलच्या (फिरत्या कडीच्या) डोळ्याला पालोमार गाठ. वीतभर दुहेरी पदर डोळ्यातून काढा, त्याची साधी गाठ सैल मारा, खालचा फास गरीवरून पलटवा, पाणी लावून दोन्ही पदर सावकाश ओढा. फास डोळ्याच्या वर जाऊन बसला ना, एवढं पाहा. अर्ध्यात अडकला तर पदर एकमेकांना कापतात. मोठ्या लुअरवरून फास पलटवणं जिकिरीचं, तिथे युनी गाठ मारा किंवा स्नॅप (उघडझाप होणारी छोटी कडी) लावा.

कोणतीही गाठ आवळताना ओली करा. हा तंतू साधारण 150 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो, आणि कोरड्या घर्षणाने गाठीच्या आत त्याची ताकद जाते. लायटर म्हणूनच दूर ठेवा. टोक दोन-तीन मिलिमीटर राखून कापा.

मग परीक्षा. गरी दाराच्या कडीला किंवा स्प्रिंगकाट्याला अडकवा, डोळे सांभाळून बाजूला उभे राहा आणि लाइन कापड गुंडाळलेल्या लाकडी दांड्याला वेढून ओढा. ती नुसत्या हाताभोवती कधीही गुंडाळू नका, कातडी कापते. गाठ गेलीच, तर टोक बघा. कात्रीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर गाठ सरकली, पुढच्या वेळी वेढे वाढवा. तंतू पिंजलेले असतील तर ती तुटली, म्हणजे आवळताना कुठेतरी पदरावर पदर चढला. 30 पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग त्याच्या चौथाईवर, साडेतीन किलोच्या आसपास, काट्यावर मोजून लावा.

तयार लीडर दोन-तीन जादा बांधून फोमच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. कापलेले तुकडे गोळा करायला एक झाकणाची डबी घ्या, आणि घरचे तुकडेही तिच्यातच टाका. ही लाइन कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात अडकते, आणि वेळासच्या वाळूत अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्याही वाटेत येऊ शकते.

खडकावर पोहोचल्यावर पहिल्या फेकीआधी एकदा सगळ्या गाठी ओढून पाहा. नंतर प्रत्येक मासा आल्यावर आणि प्रत्येक वेळी गरी खडकात अडकून सुटली की लीडरचा खालचा हातभर भाग बोटांतून ओढा. खरखर लागली, तर तेवढा कापून पालोमार पुन्हा बांधा, मासे कितीही लागत असोत.