डिस्प्ले येत नाहीये? ग्राफिक्स कार्डाला दोष देण्याआधी या चुका टाळा

परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे इंदूरभरातून एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "काका, डिस्प्ले येत नाहीये, कार्ड उडालं बहुतेक." बहुतेक कशावरून, तर मॉनिटर काळा आहे म्हणून. एवढ्या पुराव्यावर पोरं पंचवीस-तीस हजारांचं कार्ड मेलं असं ठरवून टाकतात आणि सिल्व्हर मॉलला जाऊन नव्याचा भावही विचारून येतात. मला याचा खरंच राग येतो, कारण पैसे आईबाबांचे असतात आणि कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

सगळ्यात आधी वायर कुठे लावलीय ते बघा. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला उभ्या रांगेत जे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, त्यांच्या खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. मॉनिटरची वायर खालच्या पट्टीतच हवी. तुमचा प्रोसेसर आय५ १२४००एफ सारखा एफवाला असेल किंवा रायझन ५ ५६०० असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, वरच्या पोर्टातून डिस्प्ले कधीच येणार नाही. आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर उलटीच गंमत होते, डिस्प्ले येतो, पोरगा महिनोन् महिने त्या फुसक्या ग्राफिक्सवर गेम खेळतो आणि कार्डात दम नाही म्हणून सगळ्यांना सांगत फिरतो.

वायर बरोबर असूनही स्क्रीन काळीच असेल तर मदरबोर्डवरचे बारके लाइट बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज सुरू होणं) असे चार असतात आणि जिथे गाडी अडलीय तिथला पेटून राहतो. डीरॅमचा लाइट पेटलेला असताना कार्ड काढून घालून काय मिळणार? रॅम काढा, सोनेरी पिना आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कपड्याने पुसा, नसेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि भुसा नीट झटका, मग एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. माझ्याकडे आलेल्या "मेलेल्या" कार्डांपैकी कितीतरी एवढ्यावर जिवंत झाली आहेत. तेवढ्याने नाही झालं तर मागचा स्विच बंद करून, वायर काढून, बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा.

आणि थांबायला शिका. डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवाल्या पीसीत रॅम पहिल्यांदा लावली किंवा बदलली की बोर्ड तिचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी ताळमेळ जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन पूर्ण काळी राहू शकते. बिघाड काही नसतो. पण आपली पोरं तीस सेकंदात पॉवरचं बटण दाबून धरतात, परत चालू करतात, परत दाबतात, प्रत्येक वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं आणि मग "नवा बोर्डच खराब निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात. चालू करा, चहा टाका, तो पिऊन झाल्यावर बघा.

आता माझ्या सगळ्यात डोक्यात जाणाऱ्या चुकीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्यात नुसता वेळ नाही, सामान जातं.

सुदामा नगरचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे. त्याने मोठं कार्ड घेतलं म्हणून जुना ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, काढून ७५० चा आणला. दोन्ही मॉड्युलर, म्हणजे वायरी डब्यापासून वेगळ्या होतात असे. आता कॅबिनेटच्या मागच्या बाजूने त्याने वायरी इतक्या सुंदर बांधल्या होत्या की त्या सोडायचं त्याच्या जिवावर आलं, त्याने नुसता डबा बदलला आणि जुन्याच वायरी नव्या डब्याला लावल्या, प्लग बसत होते ना! चालू केलं तर पंखे एकदा हलले आणि बंद. परत केलं, परत तेच. निदान काय, तर नवीन कार्ड शॉर्ट आहे. ते कार्ड घेऊन तो दुकानात गेला, तिथे कार्ड मस्त चाललं, तरी त्याचा विश्वास बसेना, तेव्हा पीसी उचलून माझ्याकडे आणला.

मी आधी सगळं काढलं, फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम ठेवली आणि माझ्याकडचा साधा एसएमपीएस लावला, पीसी चालू. कार्ड लावलं, डिस्प्ले आला. हार्ड डिस्क लावली की बंद. मग डिस्क उलटी करून भिंगातून पाहिली, तर पॉवरच्या सॉकेटशेजारी हिरव्या पट्टीवर तिळाएवढा काळा डाग आणि त्याला जळकट वास. एसएमपीएसच्या डब्याकडच्या बाजूला कुठल्या पिनमधून ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनमधून १२ व्होल्ट द्यायचे हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्याचं कुठलंच स्टँडर्ड नाही, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग बसतो पण आत भलतंच जोडलं जातं. इथे ५ च्या जागी १२ गेले. डिस्कवर त्यासाठीच एक बारका डायोड असतो, तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीची डिस्क वाचवतो आणि शॉर्ट दिसला की एसएमपीएस बंद पडतो, म्हणून पंखे हलून थांबत होते. डेटा काढणाऱ्या माणसाने तो डायोड उतरवल्यावर डिस्क चालली, त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते ते मिळाले. एसएसडी मात्र कायमची गेली.

म्हणून सांगतो, एसएमपीएस बदलला की त्याच्या सगळ्या वायरी बदला. सगळ्या. जुन्या वायरी मी त्यांच्याच डब्याबरोबर रबरबँड लावून पिशवीत ठेवतो आणि पिशवीवर मार्करने मॉडेल लिहितो.

वायरींचंच चाललंय तर आणखी एक. ६ पिनची वायर ७५ वॅटची, ८ पिनची १५० ची, त्याशिवाय स्लॉटमधून कार्डाला ७५ मिळतात. कार्डाला दोन ८ पिन हव्या असतील तर दोन वेगळ्या वायरी ओढा, एकाच वायरीला लटकणारी दोन तोंडं लावू नका. सीपीयूची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन एक नाही, ती बसत नसेल तर जोर लावू नका. नव्या कार्डांची १६ पिनची वायर शेवटपर्यंत आत गेली पाहिजे आणि प्लगपाशीच मोडायची नाही, २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे प्लग वितळल्याचे फोटो सगळीकडे फिरले होते, त्यातले बरेच अर्धवट बसलेले होते.

गेम चालू असताना लाइट गेली की पीसी धप्पकन बंद होतो? युपीएस बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा युपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. त्यावर २२० वॅटचं आरटीएक्स ३०७०, प्रोसेसर, मॉनिटर आणि वर राउटर लावल्यावर लाइट गेली की त्याला झेपेल कसं. पावसाळ्यात इंदुरात हे रोजचं आहे. आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, थोडक्यात. एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं लावलं किंवा उलटं केलं तर डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर साफ करा. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, मग नेट तोडा, सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा. नेट चालू ठेवलं तर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतो. पण दर आठवड्याला डीडीयू मारणारे लोक आहेत त्यांचं मला काही कळत नाही, चालतंय त्याला हात कशाला लावायचा.

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा येत असतील तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघा. त्यात रेघा दिसल्या तर कार्ड किंवा ड्रायव्हर, नाही दिसल्या तर आधी वायर आणि मॉनिटर बदलून बघा. बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवरही, ठिपके असतील तर ड्रायव्हरला सोडा, त्याचा काही संबंध नाही.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच चालवू नका, सेटिंगमध्ये जाऊन बदला.

डेस्कटॉपवर कार्डाचे पंखे फिरत नसतील तर घाबरू नका, बरीच कार्डं तापल्याशिवाय पंखा फिरवतच नाहीत.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरला की बेअरिंग जातं.

कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. चाललंच तर थोडे दिवस चालतं आणि त्याच ओव्हनमध्ये घरचं जेवण बनतं.

सेकंड हँड घेणाऱ्यांनी जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं करून नाणी कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली ढीगभर कार्डं बाजारात आली. ती सगळी वाईट नसतात, पण आतले उष्णता वाहणारे थर्मल पॅड आणि पंखे थकलेले असतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या जीटीएस ४५० कार्डाच्या आतलं बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकतात, कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम चालवा, तो बहुतेक वेळा सरळ फेक असं दाखवतो. समोर अर्धा तास गेम चालवून मागा आणि मागचा सीरियल नंबरचा स्टिकर बघा, तो फाटलेला किंवा खरवडलेला असेल तर वॉरंटी गेली असं धरूनच भाव करा.