कुरबुर कागदावर आणताना

पॅकिंग विभागात अकरा वर्षं हाताने काम केलं, नंतर चौदा वर्षं त्याच विभागाचा सुपरवायझर होतो. म्हणजे आधी कुरबुर केली, मग ती ऐकून घेतली. दोन्हीकडे चुका झाल्या. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुट्टीत चौघांत जे बोलता, ते वाक्य आधी जसंच्या तसं लिहून काढा. माझं होतं, "इथे माणसाला किंमतच नाही." मग स्वतःला विचारा, असं शेवटचं कधी वाटलं? त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? माझ्या बाबतीत उत्तर निघालं ते शिफ्टच्या रोस्टरपाशी. सोमवारपासूनचं रोस्टर रविवारी रात्री फळ्यावर लागायचं. मग नवं वाक्य लिहिलं: "गेल्या सहा आठवड्यांत चार वेळा रोस्टर आदल्या रात्री लागलं, दोनदा मला घरचं ठरलेलं काम मोडावं लागलं." पहिलं वाक्य ऐकून साहेब फक्त चिडतो. दुसरं ऐकल्यावर त्याला निदान रोस्टर कोण लावतं ते विचारावं लागतं.

आता दुखणं कुठल्या जातीचं आहे ते पाहा. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1959 साली अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. पण त्या सुधारल्या म्हणून त्याला कामाची गोडी लागतेच असं नाही. गोडी लागते ती प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून, केलेल्या कामाची दखल घेतली गेल्यावर. या मांडणीवर पुढे बराच वाद झाला, तरी ही चाळणी मला उपयोगी पडली. आमच्याकडे नव्या खुर्च्या आल्या तेव्हा पाठदुखीची तक्रार थांबली, पण दिवसभर त्याच खोक्यांना तीच टेप लावायचा कंटाळा तसाच राहिला. कंटाळा आला असेल तर कामात बदल मागा. पगारवाढ मागून ती मिळाली, तरी महिन्याभरात तुम्ही पुन्हा तिथेच येता.

यानंतरचा भाग सगळ्यांत अवघड: कोणाच्या हातात काय आहे? कागदावर तीन रकाने आखा. माझ्या हातात, सुपरवायझरच्या हातात, त्याच्याही वर. माझा पहिला रकाना कित्येक वर्षं कोराच असायचा. सुपरवायझर झाल्यावर कळलं की रोस्टर उशिरा लागायचं त्याला दोन कारणं होती. माल पाठवण्याचा आराखडा वरून शनिवारी दुपारी यायचा, आणि आम्ही रजेच्या चिठ्ठ्या शनिवारी संध्याकाळी द्यायचो. मीही त्यातलाच! शेवटी ठरलं: चिठ्ठ्या बुधवारपर्यंत, आराखडा गुरुवारी, रोस्टर शुक्रवारी. चिठ्ठ्या दोन आठवड्यांत वेळेवर यायला लागल्या. आराखड्याला पाच महिने लागले, कारण वरच्यांना त्याचा काही चटका बसत नव्हता.

म्हणूनच "टाळी एका हाताने वाजत नाही" हे वाक्य कोण बोलतंय ते मी आधी बघतो. बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा स्वतःचा हात खिशात असतो. जबाबदारी दोघांची असली तरी निम्मी-निम्मी नसते. ज्याच्याकडे निर्णय, त्याच्याकडे जास्त.

बोलायला जाल तेव्हा एकच विषय न्या. प्रश्न अनेकांचा असेल तर दोघे-तिघे मिळून जा. काय घडलं, काय हवं, आमच्याकडून काय करू, आणि उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, एवढंच बोला. बाहेर आल्यावर तेच चार ओळींत लिहून पाठवा. मात्र पगार थकला असेल, जिवाला धोका असेल किंवा कोणी छळत असेल, तर हे रकाने वगैरे आखत बसू नका. सरळ लेखी तक्रार करा, युनियन असेल तर तिच्याकडे जा, कायद्याचा सल्ला घ्या. तिथे "माझ्या हातात काय" हा प्रश्न विचारायचा नसतो.

टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या साहेबांनो, तुमच्यासाठी एकच: दिलेल्या तारखेला उत्तर द्या, नकार असला तरी कारणासकट. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी 1975 साली तंटे सोडवण्याच्या पद्धतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपलं म्हणणं मांडायला मिळालं की माणसाला निवाड्याची पद्धत न्याय्य वाटते, हे त्यातून पुढे आलं. आमच्याकडे एक सूचनापेटी होती. तिची किल्ली हरवली होती, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कुलूप तोडलं तेव्हा सगळ्यांत वरची चिठ्ठी होती, "आधीच्या तीन चिठ्ठ्यांचं काय झालं?"

एवढं करूनही दोन तारखा उत्तराविना उलटल्या, तर दुसरीकडे अर्ज करायला लागा. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली नाराज माणसापुढचे दोन मार्ग मांडले, बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. मी एक वर्ष तिसराच धरला होता: हजेरी लावायची आणि हात आखडता घ्यायचा. कंपनीला वाटत होतं तिला मी धडा शिकवतोय. म्हणजे मला वाटत होतं. कंपनीला पत्ताही नव्हता. माझी राहिलेली खोकी शेजारच्या टेबलावरची बाई भरायची. वर्षभर ती काही बोलली नाही. मग एकदा टेपचा रोल माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "भाऊ, तुमचं भांडण साहेबांशी आहे ना? मग खांदे माझे का दुखतायत?"