क्वेरी तीच, प्लॅन दुसरा

देवगडात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी सांभाळते. डेटाबेस पोस्टग्रेस १४. एप्रिलात संध्याकाळी वाशीच्या गाड्या भरायला लागल्या, की नेमका 'दिवसाच्या पेट्या' हा रिपोर्ट अडकायचा. मग एका बागायतदार काकांचा फोन ठरलेला: "गो, तुझो काँप्युटर निजलो काय?" कालची तारीख टाकली तर तोच रिपोर्ट चुटकीसरशी!

मी बरेच दिवस पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समधली (प्रत्येक क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, किती वेळ लागला याचे आकडे ठेवणारं पोस्टग्रेसचं एक्स्टेंशन) सरासरी वेळच बघत बसले, आणि ती छान दिसत होती. शेजारचे कमाल वेळ आणि प्रमाण विचलन हे रकाने आधी बघा. विचलन सरासरीच्या कितीतरी पट असेल, तर एका क्वेरीआयडीखाली (क्वेरीचा ओळख क्रमांक) दोन प्लॅन (क्वेरी चालवायच्या पद्धती) नांदत असण्याची शक्यता आहे. इथे तारखेसारख्या किमती पुसून क्वेरी एकच धरली जाते, आणि प्लॅन तर साठवलाच जात नाही.

प्लॅन हवा तर ऑटो_एक्सप्लेन, म्हणजे हळू चाललेल्या क्वेरींचे प्लॅन लॉगमध्ये लिहिणारं मॉड्यूल. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगमध्ये पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स आणि ऑटो_एक्सप्लेन ही दोन्ही नावं स्वल्पविराम देऊन लिहा. सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, तो रात्री गाड्या गेल्यावर करा. किमान वेळेची मर्यादा मी १ सेकंद ठेवली. लॉग_अ‍ॅनलाइझ (प्रत्यक्ष किती ओळी आल्या ते मोजणं) चालू, पण लॉग_टायमिंग (प्लॅनच्या प्रत्येक पायरीची वेळ मोजणं) बंद. नाहीतर लॉगमध्ये न येणाऱ्या क्वेरींनाही वेळ मोजण्याचा भुर्दंड पडतो. लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये (लॉगमधल्या नोंदीच्या सुरुवातीचा मजकूर ठरवणारं सेटिंग) टक्क्याचं चिन्ह आणि मोठा क्यू (%Q) टाकला, की प्रत्येक प्लॅनसोबत क्वेरीआयडी छापून येतो. आकडे आणि प्लॅन जुळवायचा धागा तोच.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सचे आकडे साचत जाणारे असतात, म्हणून क्रॉनने (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर १० मिनिटांनी त्यांची प्रत वेळेसकट दुसऱ्या टेबलात टाका. दोन प्रतींची वजाबाकी केली की दुखणं कुठल्या वेळचं ते कळतं.

माझ्या लॉगमध्ये आजच्या तारखेसाठी प्लॅनरचा (पोस्टग्रेसचा प्लॅन निवडणारा भाग) अंदाज १ ओळीचा, प्रत्यक्षात ३,८००. एकच ओळ येणार म्हणून प्लॅनरने नेस्टेड लूप (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतल्या टेबलात पुन्हा शोधणं) निवडला आणि आतल्या टेबलाला तेवढ्याच फेऱ्या मारल्या. कालच्या तारखेला मात्र हॅश जॉइन (एका टेबलाची यादी एकदाच बनवून जुळवणं). टेबलात मागच्या मोसमांच्या लाखो ओळी. ऑटो-अ‍ॅनलाइझ (टेबलाची आकडेवारी आपोआप ताजी करणारं काम) साधारण १० टक्के ओळी बदलल्याशिवाय जागा होत नाही, त्यामुळे आजची तारीख प्लॅनरच्या गावीच नव्हती. त्या टेबलापुरतं ते प्रमाण मी ०.०१ केलं, शिवाय रोज दुपारी ४ वाजता अ‍ॅनलाइझ लावलं.

कमाल वेळेचा आकडा दुरुस्तीनंतरही आपोआप उतरत नाही. मी घाबरून पुन्हा तासभर लॉग उपसले! त्या एका क्वेरीआयडीपुरतं रीसेट करा, बाकीची आकडेवारी राहू द्या.