पावसाळ्यात टॉय चिकट झाला, तेव्हा

जुलैत कपाट उघडलं तर जेलीचा अ‍ॅडल्ट टॉय हाताला चिकटत होता आणि शेजारच्या टीपीईच्या (रबरासारखं मऊ प्लास्टिक) टॉयवर त्याचा रंग उतरला होता. जेली म्हणजे मऊ पीव्हीसी; त्यातलं प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू पाझरतं, उकाड्यात जास्तच. असा चिकट टॉय धुऊन वापरू नये, टाकूनच द्यावा. पैशांपेक्षा अंग मोलाचं.

आता प्रत्येक टॉयला वेगळी सुती पिशवी. धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण सुकवते, कारण टीपीई सच्छिद्र असतं आणि मुंबईच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. सुकल्यावर त्यावर कॉर्नफ्लोअरचा हलका हात, टाल्कम मुळीच नाही. सिलिकॉनला पावडर लागत नाही. सेल काढून ठेवते. गळले की स्प्रिंग गंजते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा खिडकीच्या उन्हापासून लांब.