शेरळ ओळखायची तर पेरं बघा

गोव्यात तळ्याच्या काठी, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला गुलाबी तुऱ्यांची शेरळ दिसते. शास्त्रीय नाव पर्सिकारिया ग्लाब्रा. इथलीच, बहुवर्षायू वनस्पती. घरी लावायची असेल तर फुलांवर विसंबू नका, आधी पेरं, म्हणजे खोडावरचे सांधे बघा.

प्रत्येक पेर फुगीर असतं आणि त्याच्यावर खोडाला वेढणारी पातळ, नळीसारखी पापुद्र्याची बाही असते. तिची वरची कड हातातल्या भिंगातून नीट न्याहाळा. कड साफ असेल तर शेरळ. कडेला लांब ताठ केसांची झालर असेल तर ती तिची बहीण, पर्सिकारिया बार्बाटा. तिची फुलं बहुधा पांढरी. शेरळीचं खोड बऱ्याचदा लालसर आणि पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, गुळगुळीत असतात.

बियांच्या मागे लागू नका. चतुर्थीच्या सुमारास वीतभर लांबीचे, दोन-तीन पेरांचे तुकडे कापा आणि खालची पेरं चिखलात दाबा. मुळं पेरातूनच फुटतात. तळाला भोक नसलेलं टब घ्या, शेतातली माती भरा, वर दोन बोटं पाणी ठेवा. ऊन भरपूर हवं. डास होऊ नयेत म्हणून पाणी वरचेवर बदला.

कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पाटात किंवा भातशेतीच्या कडेला मात्र ती सोडू नका, पेरापेरातून पसरून पाणी अडवते. छाटलेले तुकडेही व्हाळात टाकायचे नाहीत, उन्हात पूर्ण वाळवायचे. आणि अभयारण्यातून रोप उपटून आणू नका. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलंत तर तो आनंदाने मूठभर देईल.