शाळेत लठ्ठपणाचा कार्यक्रम येतोय? सही करायच्या आधी हे विचारा

इंदूरच्या बऱ्याच शाळांमधे आता मुलांच्या वजनावर काहीतरी सुरू होतंय, सर्क्युलर येतं, आपण सही करून देतो. पण त्यातलं कशानं खरंच फरक पडतो हे बघायला पाहिजे, कारण पोस्टर आणि एका दिवसाच्या लेक्चरनी वजनं बदलत नाहीत.

पहिला प्रश्न खेळाचा. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असं हललं पाहिजे असं डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तर त्यातली किती मिनिटं शाळा देणार ते टाइमटेबलमधे दाखवा म्हणा. २०२४ मधे कॉक्रेननी, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनी, ५ ते ११ वर्षांच्या मुलांवरचे १७२ अभ्यास एकत्र तपासले, नुसतं खाण्यावर काम केलं तर जवळपास काहीच फरक नाही, खेळ आणि खाणं दोन्ही धरलं तर बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) थोडा कमी होतो. थोडाच, पण होतो. मोठ्या मुलांमधे परिणाम आणखीनच कमी दिसतो म्हणून सुरुवात प्रायमरीपासून करायला सांगा, नववीत पोचल्यावर नको.

दुसरं, घर त्यात आहे का? इंग्लंडमधे बर्मिंगहॅमकडच्या ५४ शाळांमधे वर्षभर जादा व्यायाम, पालकांसोबत स्वयंपाकाच्या वर्कशॉप असं बरंच केलं तरी वजनात म्हणण्यासारखा फरक आला नाही, २०१८ मधे रिझल्ट आला तेव्हा संशोधकच म्हणाले की एकट्या शाळेच्या भरवशावर हे होणं कठीण आहे. उलट चीनमधे २४ शाळांत ८ ते १० वर्षांच्या मुलांसोबत शाळा आणि घरचे दोघांनाही नीट धरलं, पालकांना अ‍ॅपवर मुलाची माहिती मिळत राहिली, तर नऊ महिन्यांत, कार्यक्रम नसलेल्या शाळांच्या मानानं, बीएमआयमधे ०.४६ चा फरक पडला, म्हणजे १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलात साधारण पाऊण किलो. एका मुलाला हे कमी वाटेल, पण अख्ख्या शाळेत असं झालं तर ती मोठी गोष्ट आहे, मला तरी वाटते.

म्हणून मीटिंगला आजीलाही बोलवा. खरंच बोलवा, कारण शाळेतून आल्यावर खायला तीच देते आणि गाल भरलेले म्हणजे तब्येत चांगली हे तिच्या मनात पक्कं असतं, तिला न विचारता केलेला डाएट चार्ट फ्रिजवरच राहतो. पोहे बंद करायची गरज नाही हो, वरची मूठभर शेव आणि सोबतची जिलेबी रोजची नको. सराफा, आपला खाऊगल्लीचा बाजार, तर रात्रीच रंगतो, तेव्हा मुलं झोपलेली हवीत, कमी झोपेचाही वजनाशी संबंध आहे, त्यामुळे ते महिन्यातून एखाद्या शनिवारीच ठेवा.

कँटीनचं स्पष्ट विचारा. एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षेचं सरकारी खातं, त्यांच्या २०२० च्या नियमाप्रमाणे शाळेत आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला नकोत. सीबीएसईनी २०२५ मधे शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलंय, चांगलं आहे, पण ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमधे ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते हे बोर्डावर लिहून तीच बाटली खाली विकायची असेल तर काय उपयोग.

आणि मोजणार कसं? वय वाढतं तसा मुलांचा बीएमआय वाढतोच, म्हणून नुसते आधीचे-नंतरचे आकडे बघून कार्यक्रम फेल किंवा पास म्हणता येत नाही, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१५ च्या वाढीच्या चार्टवर वय आणि मुलगा-मुलगी बघून लावा, आणि जमलं तर कार्यक्रम नसलेल्या सेक्शनशी तुलना करा. वजन बंद खोलीत, एकेकाचं. वर्गासमोर आकडा वाचला तर ते मूल खेळाच्या तासालाच यायचं बंद होतं, हे अजिबात चालवून घेऊ नका.

एक वर्षात संपणारा कार्यक्रम असेल तर पुढच्या वर्षाचं काय ते आत्ताच विचारा. शाळा सुटल्यावर ग्राउंडला कुलूप लागत असेल तर तासभर उघडं ठेवा, रोज एक पालक थांबेल, असं प्रिन्सिपल मॅडमना पालकांच्या सह्यांनिशी लिहून द्या.